तूस नसलेला गहू

पोळीसाठी गहू निवडताना आपण ज्या गुणाचे जास्तीचे पैसे मोजतो, तोच गुण बिअर करताना पदोपदी आडवा येतो. कणीक लवचिक व्हावी, लाटताना पोळीच्या कडा फाटू नयेत आणि तव्यावर ती टम्म फुगावी, हे सारे गव्हातल्या ग्लुटेनमुळे साधते. मात्र भरडलेले धान्य गरम पाण्यात कालवून त्यातून गोड अर्क गाळून घ्यायची वेळ आली, की त्याच ग्लुटेनचा चिकट लगदा होतो आणि तो भांड्याच्या तळाशी घट्ट बसतो. त्यात गहू हे मळणीतच टरफल टाकून मोकळे होणारे धान्य आहे. बार्लीचे टरफल दाण्याला चिकटून राहते, आणि भरडल्यावर त्या टरफलांचा जो थर तयार होतो तीच बिअरची खरी गाळणी असते. जगभर बिअर प्रामुख्याने बार्लीची झाली यामागे चवीचा जेवढा वाटा आहे, तेवढाच या टरफलाचाही असावा, असे मला वाटते. तरीही गहू घालून बिअर करण्याचा हट्ट शेतावरच्या लोकांनी सोडला नाही, आणि शेतावरच्या अशा बिअरच्या एका प्रकाराचा नाद मला गेली काही वर्षे लागला आहे.

बेल्जियमच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या सीमेलगत एनो नावाचा प्रांत आहे. तिथल्या फार्महाउस एलला, म्हणजे शेतावर होणाऱ्या बिअरला, सेझाँ म्हणतात. तिच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी कथा अशी, की शेतकरी हिवाळ्यात, शेतात काम नसताना आणि थंडीमुळे बिअर नासण्याची भीती कमी असताना ती करून ठेवत आणि उन्हाळ्यात कापणीला आलेल्या हंगामी मजुरांना पाजत. कथा सुंदर आहे, पण ती मी पूर्णपणे खरी मानत नाही. आज ज्या सेझाँ मानदंड मानल्या जातात त्या रीतसर ब्रुअरींतून आलेल्या आहेत. तूर्प गावच्या द्यूपाँ या ब्रुअरीत शेतावर बिअर करण्याला १८४४ मध्ये सुरुवात झाली आणि १९२० मध्ये ती द्यूपाँ कुटुंबाकडे आली, पण तिच्या ६.५ टक्के मद्यार्काच्या प्रसिद्ध सेझाँमध्ये गहू नसतो, निव्वळ बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, असते. कथेतला विश्वासार्ह भाग वेगळाच आहे: जे धान्य शेतात पिकले ते वापरायचे, आणि जी हवा नशिबी आली तिच्यात ते आंबवायचे. नॉर्वेच्या पश्चिम भागातली क्वाइक नावाचे यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) वापरून केलेली एल, जुनिपरच्या फांद्यांवरून गाळली जाणारी फिनलंडची साह्ती आणि लिथुआनियातल्या गावरान बिअर या सगळ्यांना एका पंगतीत बसवणारी गोष्ट हीच आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे एनोमधल्याच तुर्ने या शहराजवळ राहिलो. शेजारी एक निवृत्त शेतकरी होते आणि घरामागच्या पडवीत ते घरापुरती बिअर करत. तिथे त्याला मोकळीक आहे. ‘आमच्या हाताला सगळे कळते’ असे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती, आणि प्रत्येक खेपेचे धान्य, पाण्याचे तापमान, आंबण्याचा वेग आणि द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे आकडे ते तीत नेटके लिहून ठेवत. गहू त्यांच्या मुलाच्या शेतातला असे आणि त्याचा मोठा भाग मोड न आणता, कच्चाच वापरला जाई. बिअरमध्ये गहू कशासाठी, या माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मला आजही पटते. गहू नसता तर फेस टिकला नसता, ती ढगाळ दिसली नसती, आणि इतक्या कोरड्या बिअरला जिभेवर काही वजनच राहिले नसते.

पुण्यात परतल्यावर हे घरी करणे शक्य नव्हते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि ‘मी विकत नाही, स्वतःपुरते करतो’ ही त्यातली पळवाट नाही. हा नियम मला जाचक वाटतो, पण तो मोडून दाखवण्यात मला काही पराक्रमही दिसत नाही. सुदैवाने २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून या शहरात छोट्या ब्रुअरींची परंपरा रुजली आहे, आणि अशाच एका परवानाधारक ब्रुअरीत माझा एक मित्र काम करतो. तो मूळचा फलटणचा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला, वयाने माझ्याहून बराच लहान. नव्या बिअरची चाचणी घेण्यासाठी त्यांच्याकडे एक लहान भांडे आहे. त्यावर त्याच्या देखरेखीखाली काम करायची मुभा मला मिळाली, तेव्हा मी धान्याचे प्रमाण लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून त्याने विचारले, ‘‘दादा, निम्म्याहून जास्त गहू? गाळणी बसली तर रात्री बारापर्यंत आपण दोघांनी चमचे घेऊन बसायचं का?’’

प्रमाण असे होते: दर वीस लिटर बिअरला साडेचार किलो धान्य, त्यातला अडीच किलो गहू आणि दोन किलो बार्लीचे पिल्सनर नावाचे फिकट माल्ट. अडीच किलोंपैकी दीड किलो गहू कच्चा आणि एक किलो मोड आणून वाळवलेला, म्हणजे गव्हाचे माल्ट. जर्मनीच्या बव्हेरियातल्या वाइसबिअर या गव्हाच्या बिअरला गव्हाचे माल्ट किमान निम्मे असावे लागते, आणि पिएर सेलिस यांनी १९६० च्या दशकात बेल्जियमच्या होगार्डन गावात पुन्हा जिवंत केलेल्या विटबिअर या गव्हाच्या बिअरमध्ये कच्चा गहू जवळपास तितकाच असतो. त्यामुळे माझा आकडा काही अघोरी नव्हता. अडचण होती ती आमच्या भांड्याची, कारण त्याच्या तळाची जाळी बार्ली गृहीत धरून केलेली आहे.

कच्च्या गव्हाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. बिअरला लागते साखर आणि धान्यात असतो स्टार्च. धान्याला मोड येऊ लागला की दाण्यात स्टार्चची साखर करणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात. मग मोड योग्य वेळी थांबवून धान्य वाळवले की माल्ट होते. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून सत्त्व करतात, तेही माल्टच आहे. साध्या नाचणीची पेज घट्ट होते आणि सत्त्वाची पातळ राहते, याचे कारण हीच विकरे आहेत. कच्च्या गव्हात ती पुरेशी नसतात, म्हणून त्याचा भार सोबतच्या माल्टला उचलावा लागतो. मात्र गव्हाचा एक मोठा सोयीचा गुण आहे. त्याचा स्टार्च ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच फुलतो, म्हणजे माल्टची विकरे ज्या तापमानाला जोमाने काम करतात त्याच टप्प्यात. तांदळाला त्याहून बरेच जास्त तापमान लागते आणि म्हणून तो आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो. गहू नुसता भरडून माल्टमध्ये मिसळला तरी चालतो. मार्केट यार्डात लोकवन, सिहोर आणि बन्सी अशी पोती शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांतला बन्सी मी वगळला, कारण त्याचा दाणा फार कडक असतो आणि रोलरमध्ये तो नीट फुटेल याची खात्री नव्हती. लोकवन घेतला. पिठाच्या गिरणीचा इथे काही उपयोग नसतो, कारण पीठ झाले की सगळेच संपले. दाणा दोन रोलरांमधून चेपून तीन-चार तुकड्यांत फुटावा लागतो, आणि गव्हाचा दाणा बार्लीपेक्षा लहान व कठीण असल्याने त्यासाठी रोलर अधिक जवळ आणावे लागतात.

याच सुमारास सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे कुरडयांचा घाट चालू होता. तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला आणि किंचित आंबूस वास सुटलेला गहू वाटून, पाण्यात कालवून तिने तो फडक्यातून गाळायला घेतला होता. मी तिला माझ्या भांड्याचा प्रश्न समजावून सांगितला. बिअरविषयी तिला ममत्व नाही, पण गव्हाविषयी तिचा अधिकार मोठा आहे. ती म्हणाली, ‘‘अरे, चीक काढताना चोथा मी हातानं दाबून पिळते, म्हणून पाणी सुटतं. तुझ्या त्या कढत पिंपात तू हात कसा घालणार? पिळायचं नसेल तर पाण्याला वाट तरी ठेवायला हवी.’’

पुस्तकांतून जे मी बऱ्याच पानांत वाचले होते ते एवढेच होते. चिकाच्या कामात स्टार्च जसाच्या तसा हवा असतो आणि ग्लुटेन चोथ्याबरोबर बाजूला पडते, ज्याच्या पुढे भुसवड्या होतात. बिअरमध्ये स्टार्च मोडायचा असतो, प्रथिनांतला काही अंश अर्कात उतरू द्यायचा असतो, आणि चोथा न पिळता, न ढवळता, नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर त्यातून पाणी खाली आणायचे असते. जोर लावला की थर आणखी दाबला जातो आणि वाट बंद होते. केवळ ग्लुटेनच नव्हे, तर गव्हाच्या पेशीभित्तिकांतले अॅराबिनोझायलॅन हे तंतुमय द्रव्यही पाण्यात विरघळून अर्क दाट करते. त्यामुळे वाट अरुंद आणि वाटसरू जाडा, अशी दुहेरी पंचाईत होते.

वाट ठेवण्यासाठी जगभर जो उपाय करतात तो आपल्या दारात आहे, आणि तो म्हणजे भाताचे तूस. मावळातल्या भातगिरण्यांतून इंद्रायणी सडून निघाला की तुसाचे ढीग उरतात आणि त्यांतले बरेचसे वीटभट्ट्यांकडे जाते. तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून ते गरम पाण्यातही ताठ राहते, लगद्यात मिसळले की त्याला मऊ होऊ न देता पोकळ्या राखते, आणि चवीला काही देतही नाही व काही घेतही नाही. वीस लिटरांमागे पाव किलोच्या आसपास तूस पुरते. फक्त ते गिरणीतून आणल्यावर चाळून, धूळ जाईपर्यंत धुऊन आणि उकळत्या पाण्यात घालून घ्यावे लागते. नाहीतर भाताबरोबरचे किडेही पाककृतीत सामील होतात.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी आम्ही धान्य आधी ४५ अंशांच्या पाण्यात कालवून वीसेक मिनिटे ठेवले. या तापमानाला धान्यातून फेरुलिक आम्ल मोकळे होते, आणि पुढे यीस्ट त्याचे रूपांतर लवंगेसारखा वास असलेल्या द्रव्यात करते. मग तापमान ६४ अंशांवर नेऊन ते तासाभराहून थोडे जास्त तिथेच धरले. हा टप्पा कंटाळवाणा असतो, पण कोरडी बिअर हवी असेल तर त्याला पर्याय नाही. यापेक्षा वरच्या तापमानाला अशा साखरी जास्त उरतात ज्या सामान्य यीस्टला पचत नाहीत आणि बिअर जड होते. अधूनमधून पांढऱ्या बशीत अर्काचा थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकत होतो. स्टार्च असेल तर ते निळेकाळे होते, आणि जेव्हा ते आपला मूळ तपकिरी रंग धरून राहिले तेव्हा साखर झाली असे समजलो. शेवटी ७६ अंशांपर्यंत तापवून तोटी अगदी थोडी उघडली. अर्क आला, हळू आणि गढूळ. तो पुन्हा वरून ओतला, आणि हळूहळू धार नितळ होत गेली. चमचे लागले नाहीत. मित्राने मावशीला मनोमन नमस्कार केला.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले, आणि पाणी यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खडकवासल्याचे पाणी मृदू असते आणि या बिअरला ते मानवते. त्यातले क्लोरीन मात्र काढावे लागते, कारण त्यापासून बनणाऱ्या क्लोरोफिनॉलला दवाखान्याचा वास येतो. हॉप्स आम्ही साझ या वाणाची वापरली, कडवटपणापुरती आणि शेवटी थोडी वासापुरती.

आता यीस्ट, कारण पुण्याचा खरा संबंध इथे येतो. बिअर म्हटली की आपल्यासमोर बर्फासारखी थंड, पिवळी, नितळ लागर उभी राहते. ती साधारण ८ ते १३ अंशांत आंबवावी लागते. कार्ल फोन लिंडे यांनी १८७० च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीसाठी शीतयंत्रे बनवली, तेव्हापासून तिला हवामानाची पर्वा उरली नाही, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकणाऱ्या आपल्या शहरातही ती यंत्राच्या बळावर होते. एल या लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या बिअरचे बहुतेक यीस्टही पंचविशीच्या पुढे बिघडते, आणि मग बिअरमध्ये डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले उतरतात. सेझाँचे यीस्ट या बाबतीत अपवाद आहे. त्याला ऊब हवीच असते. विशीच्या आसपास सुरुवात करून त्याला तिशीपर्यंत चढू दिले तर ते खुलते. द्यूपाँच्या वंशातले म्हणून ओळखले जाणारे यीस्ट तर, पुरेशी ऊब मिळाली नाही की, निम्म्या वाटेत बसून राहते आणि गरम केल्यावरच पुन्हा उठते. तुर्नेमध्ये माझे शेजारी यासाठी पिंपाभोवती घोंगडी गुंडाळत. पुण्यात एप्रिलमध्ये पहिले दोन दिवस शीतयंत्राने लगाम धरावा लागला, कारण आंबताना बिअर स्वतःही तापते. त्यानंतर यंत्र बंद केले आणि बाकीचे खोलीच्या हवेवर सोपवले. शेतावरची बिअर आपल्या हवेवर उभी राहावी, हे तत्त्व मी इथे शब्दशः पाळू शकलो, आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वाधिक समाधान त्याचे आहे.

मित्राला मात्र या यीस्टची धास्ती होती, आणि ती रास्त होती. अनेक सेझाँ यीस्टमध्ये एसटीए१ नावाचे जनुक असते. त्यामुळे ही यीस्ट एक विकर बाहेर सोडते आणि इतर यीस्टला न पचणाऱ्या साखरीही तोडून खाते. बिअर विलक्षण कोरडी होते ती यामुळेच. पण हेच यीस्ट एखाद्या नळीत किंवा रबरी वायसरात शिल्लक राहून दुसऱ्या बिअरमध्ये शिरले, तर तयार होऊन बंद झालेल्या बाटलीतही ते उरलेली साखर खात बसते, वायू साठतो आणि बाटल्या फुटतात. व्यवसाय करणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून आमच्या खेपेसाठी वेगळ्या नळ्या, वेगळे वायसर आणि वेगळे पिंप अशी सोवळ्याची व्यवस्था होती. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे यीस्टचे वाण निगुतीने जतन केले जातात, हे मी त्याला उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘दादा, जतन करायची काळजी तिथं आहे. मला ते घालवायची काळजी आहे.’’

हायड्रोमीटरवर १.०५० ने सुरू झालेली बिअर १.००४ वर येऊन थांबली, म्हणजे मद्यार्क सुमारे सहा टक्के. रंग फिकट पिवळा आणि ढगाळ, फेस घट्ट, पांढरा आणि ग्लासच्या कडेला चिकटून राहणारा. वास मिऱ्याचा, थोडा लवंगेचा, थोडा संत्र्याच्या सालीचा. गोडवा जवळजवळ नाही. पण जिभेवर एक मऊपणा राहतो आणि तो गव्हाचा आहे, याविषयी मला शंका नाही, कारण त्याच यीस्टची निव्वळ बार्लीची बिअर आम्ही शेजारी ठेवून पाहिली आणि ती काहीशी पोकळ वाटली. भाजणीचे थालीपीठ आणि लोण्याबरोबर ती उत्तम जाते. मिसळीबरोबर मात्र घेऊ नये, कारण भरपूर वायू असलेली बिअर तिखटाला विझवत नाही, भडकवते. पुण्यात हे सांगणे म्हणजे भांडण ओढवून घेणे, पण माझे मत तसेच आहे.

तरीही तुसाची उसनवारी मला खटकत राहिली. शेतात पिकेल ते वापरायचे म्हणायचे आणि गाळणीसाठी दुसऱ्या पिकाकडे हात पसरायचा, यात काहीतरी अपुरे होते. खपलीचा विचार मनात आला तो यातून. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात खिरीसाठी आणि हुग्गीसाठी पिकणारा खपली गहू मळणीत टरफल सोडत नाही. तो सडून घ्यावा लागतो, आणि त्याची बाजारातली जास्त किंमत काही अंशी त्या सडण्याच्या मजुरीचीही आहे. त्याचे ग्लुटेनही दुबळे असते. म्हणजे या लेखाच्या सुरुवातीला मी गव्हाविषयी ज्या दोन तक्रारी केल्या, त्या दोन्ही न सडलेल्या खपलीला लागू पडत नाहीत. ही कल्पना नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये बिअर याच जातकुळीच्या गव्हाची होत असे, आणि एनोमधल्या ब्लोजी या छोट्या ब्रुअरीची सेझाँ स्पेल्ट या टरफलवाल्या गव्हाचीच आहे. आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण विकसित केला आहे, म्हणजे पुण्याचे या गव्हाशी आधीपासूनच नाते आहे.

मित्राने वाळव्याजवळच्या एका शेतकऱ्याशी बोलणे केले आहे. त्यांना प्रथम आश्चर्य वाटले की गिऱ्हाईक न सडलेला माल त्याच किमतीला मागते आहे, मग त्यांनी बियाण्यासाठी ठेवलेली पोती देऊ केली. ती बुरशीनाशक लावलेली नाहीत ना, हे विचारून घ्यावे लागले, नाहीत. पण मोड लगेच आणता येणार नाही. माल्टसाठी दाणा चार-पाच दिवस पंधरा अंशांच्या आसपास उगवू द्यावा लागतो. उन्हाळ्यात तसे केले तर मोड येण्याआधी बुरशी येते, आणि मोड आणण्यापुरते शीतगृह चालवायला मी तयार नाही. डिसेंबरात शिवाजीनगरचा पारा रात्री दहा-बारापर्यंत उतरतो, तेव्हा ब्रुअरीच्या मागच्या खोलीत गोणपाटावर पसरलेला दाणा दिवसरात्र हव्या त्या तापमानाच्या आसपास राहील, असा हिशोब आहे. पोती तोपर्यंत मित्राच्या फलटणच्या घरी, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहेत, आणि बिअर पुढच्या एप्रिलमध्ये लागेल. तुसाचे एक छोटे पोते मात्र त्याने अजून ब्रुअरीतून हलवू दिलेले नाही.